प्लीहेभोवतीचं 'रक्त' : डावीकडे लांबलेल्या यकृताचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरचं गाव. आषाढातल्या एका संध्याकाळी 31 वर्षांची एक स्त्री परड्याचा शेवाळलेला गडगा ओलांडताना घसरली आणि डाव्या कुशीवर पडली. उंची फार तर साडेचार फूट, पण खाली चिरे रचलेले होते आणि एका चिऱ्याची कड खालच्या बरगड्यांवर बसली. तासाभरात घरच्यांनी तिला ग्रामीण रुग्णालयात आणलं. नाडी 104, रक्तदाब 108/70, हिमोग्लोबिन 9.6. श्वास ओढला की डावीकडे कळ यायची. पोट मऊ होतं, मात्र डाव्या बरगडीखाली दाबलं की ती दचकायची.

नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड प्लीहा असते, आणि तिला मार बसला तर रक्त लगेच वाहू शकतं किंवा आवरणाखाली साचून काही दिवसांनी फुटू शकतं. त्यामुळे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्लीहेचा संशय घेतला, हे अगदी योग्य झालं. रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट नव्हता. तालुक्याच्या एका खासगी केंद्रात सोनोग्राफी झाली.

अडचण

अहवालाचा आशय असा : प्लीहेच्या बाहेरच्या अंगाने, डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांच्या मधल्या स्नायूच्या पडद्याच्या) खाली, 2.1 सेमी जाड आणि सुमारे 9 सेमी लांब असा चंद्रकोरीच्या आकाराचा भाग. प्लीहेपेक्षा किंचित काळसर, एकसारख्या पोताचा. उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधल्या खाचेत पाणी (म्हणजे सांडलेलं रक्त किंवा इतर द्रव) नाही, ओटीपोटात पाणी नाही. निष्कर्ष : प्लीहेभोवती किंवा आवरणाखाली रक्तसंचय, तातडीने मोठ्या केंद्रात पाठवावे.

आधीची माहिती आणि चित्र एकमेकांना पूरक दिसत होतं. डाव्या बाजूला मार, दुखरी जागा, वाढलेली नाडी, कमी हिमोग्लोबिन आणि प्लीहेला लागून काळसर कोर. शिवाय जागाही नेमकी. डावीकडे रक्त आधी जमतं ते बहुधा प्लीहा आणि डायफ्राम यांच्या मधल्या फटीत.

पण याच अहवालात दोन गोष्टी रक्ताच्या विरुद्ध बोलत होत्या. 2 सेमी जाडीचं रक्त प्लीहेभोवती असताना बाकी पोटात थेंबभर पाणी नाही, हे आवरणाखालच्या रक्तसंचयात शक्य आहे. पण आवरणाखालचं रक्त प्लीहेच्या कडेला आत दाबतं, ती कड सपाट किंवा खोलगट करतं. चित्रात प्लीहेची बाहेरची कड नेहमीसारखी फुगीर गोल होती. दुसरं म्हणजे पोत. ताजं रक्त पहिल्या काही तासांत रूप बदलत असतं. पातळ असताना काळं, गोठू लागलं की राखाडी, मध्ये गाठी, मध्ये फटी. शेवटापर्यंत एकसारखा बारीक कण हे घन अवयवाचं लक्षण.

हिमोग्लोबिनचंही तसंच. 9.6 हा आकडा रक्तस्रावाचा मानला गेला. नवऱ्याजवळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचं माता-बाल संरक्षण कार्ड होतं आणि त्यावर 9.8 लिहिलेलं होतं. त्याच पिशवीत तीन वर्षांपूर्वी पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीचा कागद होता : 'प्लीहा किंचित वाढलेली, 14.2 सेमी.' त्यावरून तेव्हा तिची मलेरियाची तपासणी झाली होती, काही सापडलं नव्हतं, आणि गोष्ट तिथेच राहिली होती. आजच्या अहवालात मात्र प्लीहा 10.6 सेमी होती. वाढलेली प्लीहा तीन वर्षांत साडेतीन सेमी आक्रसली आणि नेमकी तिच्याभोवती कोर उगवली, असं होत नाही. तीन वर्षांपूर्वी कोरीसकट मोजमाप झालं होतं. म्हणजे ती कोर पडण्याच्या आधीपासून तिथे होती. हा धागा तालुक्यात कोणाच्या हाती लागला नाही, कारण तिथे पिशवी उघडलीच गेली नाही.

कोर म्हणजे काय असू शकतं

यकृताचे आठ भाग मानायची पद्धत फ्रेंच शल्यविशारद क्लोद क्विनो यांच्या 1950 च्या दशकातल्या कामातून आली. त्यातला दुसरा आणि तिसरा भाग मिळून डावा पार्श्वभाग होतो. बहुतेकांमध्ये तो जठराच्या पुढे, मध्यरेषेच्या थोडा डावीकडे संपतो. गर्भावस्थेत यकृताचा डावा भाग मोठा असतो आणि जन्मानंतर तो तुलनेने लहान होत जातो. काही जणांत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, हा भाग लांबच राहतो, जठराच्या वरून डावीकडे जातो आणि प्लीहेला बाहेरून वळसा घालतो. बीव्हर या प्राण्याच्या चपट्या शेपटीवरून त्याला 'बीव्हर टेल लिव्हर' म्हणतात. हा आजार नाही. यकृताचं काम त्याने बिघडत नाही आणि त्याला उपचार लागत नाहीत.

निरोगी यकृत सोनोग्राफीत प्लीहेइतकंच किंवा तिच्यापेक्षा किंचित काळं दिसतं, म्हणून हा लांबलेला भाग प्लीहेशेजारी काळसर कोरीसारखा उमटतो. मध्ये जठरातली हवा आली की मूळ यकृताशी असलेली त्याची सलगता दिसत नाही, आणि तो सुटा, परका वाटू लागतो. रुग्णाला फॅटी लिव्हर असेल तर चित्र उलटतं. तीच कोर प्लीहेपेक्षा उजळ दिसते आणि गोठलेल्या रक्तासारखी भासते.

समोरचे पर्याय

रात्रीचे नऊ वाजले होते. पहिला पर्याय थेट कोल्हापूर किंवा गोवा. कोल्हापूरला जायचं म्हणजे मुसळधार पावसात घाट चढायचा, दरडीचा धोका पत्करायचा, आणि खरंच रक्तस्राव असेल तर वाटेत रक्तदाब कोसळला तरी मध्ये शस्त्रक्रियेची सोय नाही. दुसरा पर्याय तिथेच ठेवून दर काही तासांनी हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी. पण रुग्णालयात रक्त साठवणीची सोय नव्हती, सर्जन नव्हता. प्लीहेचा संशय असताना अशा ठिकाणी रात्र काढणं बरोबर नव्हतं. तिसरा पर्याय मुंबई-गोवा महामार्गाने जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे सीटी, रेडिओलॉजिस्ट, सर्जन आणि रक्तपेढी एकत्र मिळणार होती.

तिसरा पर्याय घेतला गेला, आणि तो घेता आला याचं कारण एकच : रुग्ण स्थिर होती. दोन तासांत रक्तदाब खाली आला नव्हता; वेदनाशामक दिल्यावर नाडी 104 वरून 92 वर आली होती. रक्तदाब पडता असता तर कोर यकृताची की रक्ताची हा प्रश्नच गैरलागू झाला असता. अशा वेळी पुन्हा सोनोग्राफी, मग सीटी, असं करत बसत नाहीत; जवळचा सर्जन गाठतात.

निघताना दोन्ही हातांना जाड सुया लावल्या, रक्तगट पाहिला, तोंडाने काही द्यायचं नाही असं बजावलं, आणि 108 च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर सोबत होते. संदर्भपत्रात मात्र 'प्लीहेला इजा, रक्तसंचय' असं निदान लिहिलं गेलं. 'कोर दिसते, रक्ताची शक्यता' असं लिहिलं असतं तर पुढच्या तपासणाऱ्याचं मन मोकळं राहिलं असतं.

दुसरी सोनोग्राफी

सर्जनने रुग्ण पाहिली आणि सीटीची तयारी होईपर्यंत रेडिओलॉजिस्टने दहा मिनिटं सोनोग्राफी केली. ही दहा मिनिटं तपशिलात सांगण्यासारखी आहेत, कारण तालुक्याच्या केंद्रातल्या मशीनवरही हे सगळं जमण्यासारखं होतं.

सुरुवात डाव्या कुशीपासून न करता छातीच्या मध्यभागाखालून, यकृताच्या डाव्या भागापासून झाली. पोटाचा नेहमीचा वक्र प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग), 2 ते 5 मेगाहर्ट्झचा. डाव्या भागाची कड धरून प्रोब हळूहळू डावीकडे सरकवायचा, कड संपेपर्यंत. इथे कड संपेना. मग जठरातली हवा आडवी आली. एरवी अशा वेळी रुग्णाला पाणी पाजून जठर भरतात, पण अपघातातल्या रुग्णाला तोंडाने काही देता येत नाही. म्हणून तिला जपून थोडं उजव्या कुशीवर कलतं केलं, म्हणजे हवा जागा सोडते, आणि प्रोब आठव्या ते दहाव्या बरगडीच्या मधल्या फटींत आडवा धरला. कलतं करण्याआधी पाठीच्या कण्याला इजा नाही याची खात्री केलेली होती. ही पायरी घाईत गाळता येत नाही.

पुढची कसोटी श्वासाची. आवरणाखालचं रक्त प्लीहेला चिकटलेलं असतं, म्हणून श्वासाबरोबर दोन्ही एकत्र हलतात. यकृताचा भाग वेगळा अवयव आहे; तो प्लीहेवरून सरकतो. बरगड्या दुखत असल्यामुळे ती खोल श्वास घेऊ शकत नव्हती. आधी शिरेतून पॅरासिटामॉल दिलं आणि 'ताई, थोडासाच, पण सावकाश श्वास घ्या' असं सांगितलं. तेवढ्यात दिसलं : प्लीहा आणि कोर यांच्या मधली पांढरी रेघ जागच्या जागी, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पोत एकमेकांवरून वेगवेगळ्या गतीने सरकताहेत. ही कसोटी एकटी पुरेशी नाही. आवरणाबाहेरचं, सैल रक्तही सरकल्यासारखं दिसू शकतं.

म्हणून डॉपलर, म्हणजे वाहत्या रक्ताला रंग देऊन दाखवणारी सोनोग्राफी, आणि इथेच घोटाळे जास्त होतात. वेगाची पट्टी मोठी ठेवली तर यकृतातल्या बारीक शिरांचा संथ प्रवाह रंगत नाही आणि 'रक्तप्रवाह नाही, म्हणजे रक्तसंचय' असा उलटा निष्कर्ष निघतो. इथे पट्टी 10 ते 15 सेमी प्रति सेकंद इतकी खाली आणली, संथ प्रवाह गाळणारा फिल्टर कमी केला, गेन (रंगाच्या सिग्नलची तीव्रता) ठिपके दिसेपर्यंत वाढवून जरा मागे घेतला. दुसरा घोटाळा याच्या विरुद्ध आहे. डाव्या डायफ्रामवर हृदय बसलेलं असतं, त्याच्या ठोक्याने त्या भागात सगळीकडे रंग भडकतो आणि नसलेला प्रवाह दिसू लागतो. म्हणून नुसत्या रंगावर विसंबायचं नाही. दोन क्षण श्वास रोखायला सांगून वाहिनीवर खूण ठेवली आणि लहरींचा आलेख घेतला. एका वाहिनीच्या भिंती ठळक पांढऱ्या होत्या आणि प्रवाह सलग, संथ होता : पोर्टल शिरेची (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेची) फांदी. दुसरीच्या भिंती फिक्या आणि आलेख हृदयाच्या तालावर खालीवर होणारा : यकृतशिरेची (यकृतातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या शिरेची) फांदी. दोन्ही कोरीच्या लांबीच्या दिशेने जात होत्या आणि फांद्या फुटत होत्या. रक्तसंचयात कधी रंग दिसला तर तो स्रवणाऱ्या वाहिनीचा किंवा फुगलेल्या भिंतीचा गरगरता डाग असतो. त्याला अशी भिंतवाली, फांद्या फुटणारी रचना नसते.

नवरा पडद्याकडे बघत उभा होता. त्याने विचारलं, "डॉक्टरांनू, रगात नाय, तर मगे ह्यां काय आसा?" त्याला पडद्यावर बोटाने माग काढून दाखवलं : इथून लिव्हर सुरू होतं आणि इथपर्यंत येतं, तिचं जन्मापासूनच तसं आहे. पिशवीतला जुना कागद तेव्हा बाहेर आला.

सीटी करायचा की नाही

या प्रकरणातला सर्वात अवघड निर्णय हा होता. कोर यकृताची ठरली. मग सीटी कशाला, असा प्रश्न घरच्यांनी विचारला आणि तो रास्त होता. तरीही सीटी करायचं ठरलं. कारण कोर यकृताची ठरल्याने प्लीहा शाबूत ठरत नाही. अपघातातल्या सोनोग्राफीत मोकळं पाणी चांगलं दिसतं. घन अवयवातली चीर सहज निसटते. पाणी नाही म्हणजे इजा नाही, असं म्हणता येत नाही. शिवाय बरगडीच्या आड आता एक नव्हे तर दोन अवयव होते. डाव्या बाजूचा मार लांबलेल्या यकृताला फाडू शकतो, आणि डावीकडे यकृत असेल असं कोणाच्या मनात नसतं. पूर्ण शुद्धीवर असलेली, स्थिर, सहा तासांत सुधारणारी रुग्ण निव्वळ देखरेखीखाली ठेवणंही काही जण मान्य करतील. खालच्या बरगड्या इतक्या दुखऱ्या असताना आणि पावसात परतायला दूरचं गाव असताना सीटीकडे झुकणं अधिक सुरक्षित होतं.

खर्च वाचवायला 'इंजेक्शनशिवाय', म्हणजे अवयव उजळवणारं औषध शिरेतून न देता, 'सीटी करा' अशी विनंती आली. ती मानली असती तर गोंधळ वाढला असता. इंजेक्शन न देता यकृताची घनता साधारण 50 ते 65 हाउन्सफील्ड एकक (सीटीत घनता मोजायचं माप) असते, आणि गोठलेल्या रक्ताची 45 ते 70. म्हणजे ज्या दोन गोष्टींत फरक करायचा, त्याच साध्या सीटीत सारख्या दिसतात. इंजेक्शननंतर यकृत उजळतं, रक्ताची गाठ उजळत नाही. हे घरच्यांना आकड्यांसकट समजावल्यावर त्यांनी होकार दिला.

लघवीतून गर्भधारणेची चाचणी केली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 0.8 आलं. आयोडीनचं औषध 90 मिली, सेकंदाला 3 मिली वेगाने. पहिली फेरी धमनी टप्प्याची, सुमारे 30 सेकंदांनी; दुसरी 70 सेकंदांनी. पहिल्या फेरीत प्लीहा पट्ट्यापट्ट्यांची दिसली. हेही नैसर्गिकच असतं. प्लीहेच्या लगद्यात औषध वेगवेगळ्या वेगाने शिरतं म्हणून ते पट्टे उमटतात आणि नवख्या डोळ्यांना चिरा वाटतात. 70 सेकंदांच्या फेरीत ते विरले. प्लीहेच्या वरच्या कडेला एक खाच होती, पण तिच्या कडा गुळगुळीत आणि गोलसर होत्या, आजूबाजूला पाणी नव्हतं. चिरेच्या कडा खडबडीत असतात. कोरीची घनता 104, उजव्या यकृताची 106. डाव्या यकृतशिरेची फांदी सलग तिच्यात जाताना दिसली. डावीकडची नववी आणि दहावी बरगडी तडकलेली, जागा न सोडलेली. प्लीहा, डावं मूत्रपिंड आणि लांबलेलं यकृत, तिन्ही शाबूत.

निष्पत्ती

पहिले सहा तास दर तासाला नाडी-रक्तदाब, दर सहा तासांनी हिमोग्लोबिन : 9.6, 9.4, 9.5. दुसऱ्या दिवशी पेज सुरू केली, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. बरगड्यांसाठी वेदनाशामक आणि श्वासाचे व्यायाम. दुखतं म्हणून उथळ श्वास घेत राहिलं तर छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, म्हणून व्यायामांवर विशेष भर दिला. जुनाट रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. या सगळ्या धावपळीत उपचार लागणारी ती एक खरी जुनी गोष्ट होती. 'प्लीहा वाढलेली' हा शेरा तिच्या कागदांवरून काढला.

अंतिम अहवालात ही ओळ घातली : 'यकृताचा डावा पार्श्वभाग लांब असून प्लीहेला बाहेरून वेढतो. ही नैसर्गिक रचना आहे. पुढे डाव्या बाजूच्या छाती-पोटाच्या कोणत्याही मारात किंवा हस्तक्षेपात ध्यानात घ्यावी.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. उद्या डावीकडे छातीतलं पाणी काढायला नळी घालायची वेळ आली आणि ती जरा खाली गेली, तर प्लीहेआधी यकृत लागेल. प्लीहेची शस्त्रक्रिया करणाऱ्यालाही हे आधी माहीत हवं. हीच ओळ मराठीत वेगळ्या कागदावर लिहून लॅमिनेट करून तिच्याकडे दिली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या केंद्राने रात्रीच दुसरं मत मागितलं होतं. व्हॉट्सॲपवर फिल्मचा फोटो पाठवला, समोरच्यानेही 'रक्तसंचय वाटतो' असं उत्तर दिलं. स्थिर फोटोत ना श्वास दिसतो ना प्रवाह, आणि यकृताशी असलेली सलगता तर एका चौकटीत मावतच नाही. दहा-दहा सेकंदांचे तीन व्हिडिओ पाठवायला हवे होते : यकृताच्या डाव्या कडेपासून प्लीहेपर्यंत सरकणारा, श्वासाबरोबर हलणारा, आणि डॉपलरचा. रुग्णाचं नाव पडद्यावरून झाकून.

पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीतही यकृताचा डावा भाग जिथे संपतो तिथपर्यंत प्रोब नेण्याची सवय हवी. तीन वर्षांपूर्वी ती पाळली गेली असती तर मलेरियाच्या चाचण्याही टळल्या असत्या. बहुतेक अहवालांत उजव्या भागाची लांबी येते, डाव्याबद्दल एक शब्द नसतो.

पण उलट्या बाजूची चूक यापेक्षा जिवावर बेतणारी आहे. पुढच्या वेळी प्लीहेभोवती कोर दिसली आणि ती मूळ यकृताशी सलग लागली नाही, आत भिंतवाली वाहिनी सापडली नाही, पोत मधूनच बदलला, प्लीहेची कड आत दबलेली दिसली किंवा पोटात इतरत्र पाणी असलं, यांपैकी एकही गोष्ट असेल तर ती रक्त मानूनच पुढे जायचं. यकृत लांबलेलं असूनही त्याच्या आणि प्लीहेच्या मधल्या फटीत पातळ रक्त असू शकतं. ते दोन राखाडी पोतांच्या मध्ये काळ्या रेघेसारखं दिसतं आणि तीन-चार मिलिमीटरचं असलं तरी मोजून लिहावं, तासाभराने त्याच ठिकाणी, त्याच कोनातून पुन्हा मोजावं. ते वाढत असेल तर सर्जनला त्याच क्षणी कळवावं, सीटीची वाट न पाहता.